देवाच्या उजव्या अंगाची बत्ती

“काय सायब, आज पन नाय आला काय तुमचा उजेड?”

रावजी गुरव पूजेची कळशी घेऊन देवराईत शिरला की रोज हेच विचारायचा. आणि मी रोज ट्रायपॉडला टेकून, जमेल तितक्या भारदस्त आवाजात सांगायचो, “येईल, येईल. जरा धुकं हटू दे.”

तो अकरावा दिवस होता. धुकं हटून तास झाला होता. उजेड काही आला नव्हता. मी अनवाणी उभा होतो, कारण कोंडसरीच्या देवराईत चपला घालून जात नाहीत, आणि माझ्या डाव्या पायाच्या अंगठ्याला लाल मुंग्यांनी आपलं मानलं होतं.

ही गोष्ट त्र्याण्णव सालच्या नोव्हेंबरातली. मी तेव्हा सांगलीला एका विमा कचेरीत कारकून होतो आणि स्वतःला छायाचित्रकार समजत होतो. पुण्याच्या एका दिनदर्शिका छापणाऱ्या गृहस्थांनी माझे दोन फोटो पाहून सहज म्हटलं होतं, “गोगटे, जुनं रान, काळोख, आणि देवाच्या पाषाणावर पडलेली उन्हाची एक तिरीप. असं काही आणलंत तर पहिलं पान तुमचं.” झालं. मी ते पान मिळाल्यासारखंच सगळ्या कचेरीला सांगून टाकलं. साहेबांना सांगितलं, शिपायाला सांगितलं, हप्ता भरायला आलेल्या एका बाईंनाही सांगितलं. पंधरा दिवसांची रजा टाकली. बायको, नलिनी, म्हणाली, “अंधाराचे फोटो काढायला रत्नागिरी जिल्ह्यात कशाला जायला हवं? माळ्यावर चढ की.”

तिचं फारसं चुकलं नव्हतं. त्या रानातून वाळकी काडीसुद्धा बाहेर न्यायची नाही असा गावाचा नेम. त्यामुळे शेकडो वर्षं झाडं नुसती वाढतच गेलेली. चार माणसांच्या कवेत मावणार नाहीत असे बुंधे, मांडीएवढ्या जाड वेली, आणि वर पानांचं असं छप्पर की भर दुपारी घड्याळ बघायला काडी पेटवावी लागावी. मधोमध उघड्यावर देवाचा पाषाण, कंबरेएवढ्या उंचीचा, शेंदूर नाही, काही नाही. त्याच्यावर ऊन पडायला हवं होतं, आणि ते पडत नव्हतं. होकायंत्र आणि वहीत मांडलेल्या गणितांनी मी शोध लावला होता की सकाळी नऊ चाळीसला ऊन बरोब्बर पाषाणावर येतं, पण मध्ये बेहड्याची एक फांदी आडवी येते. एकच फांदी. बैलाच्या पाठीएवढी रुंद.

नवव्या दिवशी मी लबाडी करून पाहिली होती. लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडून बॅटरीवर चालणारी एक बत्ती भाड्याने आणली होती, ती पाषाणावर मारली. ऊन दिसण्याऐवजी देवाला हळद लागल्यासारखं दिसलं. रावजी शेजारी उकिडवा बसून गंमत बघत होता. त्याने कमरेची विडी काढली, ती दवाने दमट झाली होती. ती त्याने बत्तीसमोर धरली. मिनिटभरात खडखडीत वाळली.

“लई तापते वो ही,” तो म्हणाला. “भाकरी पन शेकंल.”

मी हसलो. त्याची मुलगी शेवंती फुलांची परडी घेऊन उभी होती, तीही हसली. एवढंच झालं, पण पुढचं सगळं त्या विडीतून निघालं.

तर अकराव्या दिवशी मी शेवटी तोंड उघडलं.

“रावजी, ती फांदी काढता येईल का?”

रावजीच्या हातातली कळशी वाकडी झाली. पण तो चिडला नाही. एवढंच म्हणाला, “माजं काय जातंय सायब? फांदी देवाची. देवाला इचारायला लागंल.”

देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. पाषाणाच्या दोन्ही अंगांना फुलाची एकेक पाकळी पाण्याने चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. दोन्ही चिकटून राहिल्या तर देव बोलत नाही, दुसऱ्या दिवशी या.

“आनि कौलाला आमचा थोरला भाऊ पायजे,” रावजी म्हणाला. “भिवादादा नसला तर कौल लागत नाय. उद्या शनवारी बगू.”

हे भिवादादा म्हणजे काय प्रकरण आहे ते मला त्याच रात्री जेवताना कळलं. मी रावजीच्याच पडवीत उतरलो होतो, आणि भिंत कुडाची होती. शेवंती बारावी झालेली. मिरजेच्या एका इस्पितळात नर्सिंगच्या शिक्षणाला तिचा नंबर लागला होता, पत्र आलं होतं, सोमवारी हजर व्हायचं होतं. सोमवार चुकला की जागा दुसऱ्या कुणाला. आणि भिवादादांनी तिच्यासाठी पालीकडचं एक स्थळ बघून ठेवलं होतं.

“गुरवाची पोर परक्यांची घान काडनार?” भिवादादांचा आवाज छपराला लागत होता. “देवाची पूजा करनारं घर हाय ह्ये!”

“मी काय म्हनतो दादा, देवाला इचारलंय,” रावजी हळू आवाजात म्हणत होता.

“चारदा इचारलंस. देव बोलला? न्हाय बोलला म्हंजे न्हायच म्हनतोय तो!”

शेवंती मला वाढायला आली आणि आमटी वाटीऐवजी ताटातच ओतून गेली. आता कुणाही भल्या माणसाला अशा वेळी त्या पोरीची दया आली असती. मला काय वाटलं सांगू? चारदा विचारून देव बोलत नसेल तर माझ्या फांदीचं काय होणार! खरं सांगतो, हेच वाटलं. मी रात्रभर त्या विवंचनेत जागा राहिलो. आणि पहाटे कधीतरी मला रावजीची विडी आठवली.

सकाळी मी निरागस चेहऱ्याने रावजीला म्हटलं, “कौलाचा फोटो काढला तर चालेल? काळोख आहे, बत्ती लावावी लागेल.”

“लावा की.”

“कुठली पाकळी पडली की होकार? उजवी ना?”

“उजवी. पन देवाची उजवी हां. आपल्या डावीकडची.”

बरं झालं विचारलं. नाहीतर मी आपल्या उजवीकडे बत्ती लावून देवाकडून स्वतःच्याच विरुद्ध निकाल घेतला असता. माझ्या हुशारीचा एकंदर दर्जा तोच आहे.

बत्तीच्या स्टँडचा एक पाय मोडला होता, कारण सहाव्या दिवशी दमून मी त्याच्यावर बसलो होतो. म्हणून मी शेवंतीला म्हटलं, “जरा बत्ती धरशील? इथे, देवाच्या या अंगाला. हातभर अंतरावर.”

“एवढी जवळ?”

“फोटोसाठी. त्याला शास्त्र असतं.”

तिने माझ्याकडे एकदा बघितलं, बत्तीकडे एकदा बघितलं, आणि मुकाट्याने बॅटरीची पेटी खांद्याला अडकवली.

भिवादादा आले. पांढरं धोतर, कपाळाला गंध, पंचाहत्तरीचा ताठ म्हातारा. रावजीने पाषाण धुतला, झेंडूच्या दोन पाकळ्या चिकटवल्या आणि हात जोडले.

“बा देवा म्हाराजा! ह्ये सायब सांगलीसनं आल्यात. तुज्या रानातली येक फांदी मागत्यात. द्यायची आसंल तर उजवा कौल दे, नसंल तर डावा दे, पन काय ता बोल म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!” भिवादादा गरजले.

मी कॅमेऱ्याच्या मागे लपलो. पाच मिनिटं गेली. देवाच्या उजवीकडच्या पाकळीची कड किंचित वळली. मी कुठल्याही देवाला फारसा मानणारा नाही, पण त्या क्षणी मी मनातल्या मनात शाळेत पाठ केलेली सगळी स्तोत्रं सुरू केली. सातव्या मिनिटाला पाकळी सुटली आणि अलगद खाली पडली.

“उजवा!” भिवादादांचे डोळे विस्फारले. “काय म्हनता! चार महिने गप व्हता, सायबाला लगेच बोलला!”

रावजीने देवाला नमस्कार केला. “दुपारी कोयता घिऊन चडतो सायब,” तो म्हणाला. मी कृतार्थ चेहरा केला आणि शेवंतीला म्हटलं, “बंद कर बत्ती, बॅटरी उतरेल.”

तिने बत्ती बंद केली नाही.

“बाबा,” ती म्हणाली, “देव आज बोलतोय. माजं पन इचारा.”

भिवादादांनी तोंड उघडलं, पण ते काय बोलणार? त्यांनीच आत्ता म्हटलं होतं, देव बोलला म्हणून. रावजीने कळशी खाली ठेवली. मग त्याने दोन नव्या पाकळ्या घेतल्या.

आता शेवंतीने माझ्याकडे बघितलं. सरळ डोळ्यांत. मला सगळं कळलं. विडी तिनेही पाहिली होती. मी बत्ती कशाला तिथे धरायला लावली हे तिला पहिल्या मिनिटापासून ठाऊक होतं, आणि आता तीच बत्ती ती तिथेच धरून उभी होती. मी “थांबा” म्हणू शकत होतो. पण म्हटलं असतं तर का थांबा, हे सांगावं लागलं असतं. मी खोकलो. मग काहीतरी करायला हवं म्हणून कॅमेऱ्याला डोळा लावला.

“बा देवा म्हाराजा,” रावजीचा आवाज या वेळी बारीक झाला होता. “माजी पोर मिरजंला शिकाया जाऊ म्हनते. पाटवायची आसंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे. तू देशील ता मला मान्य, माज्या भावाला मान्य.”

“व्हय म्हाराजा,” भिवादादा म्हणाले, जरा सावकाश.

उजेड पाषाणावर नाचत होता. रावजी मान न वळवता म्हणाला, “बत्ती नीट धर गो. पुडं घे जरा. सायबाचा फोटू बिगडंल.”

ती अर्धं पाऊल पुढे सरकली. मी एक फोटो काढला, निव्वळ घाबरून. त्यानंतर तीन-चार मिनिटांनी उजवी पाकळी पडली.

भिवादादा एकदम म्हातारे दिसायला लागले. त्यांनी वाकून पाकळी उचलली, कपाळाला लावली आणि पुतणीच्या हातावर ठेवली. “जा बाय,” म्हणाले. “देवच म्हनतोय तर मी कोन?” रावजी पलीकडे तोंड करून कळशी धुवायला लागला. त्याचे खांदे हलत होते. पोर लांब जाणार म्हणून बाप रडतोय, हे मला तेवढ्यात कळलं, आणि आपण फार संवेदनशील आहोत असं वाटून मी स्वतःवर खूष झालो.

दुपारी मी ओढ्यावर अंघोळीला गेलो तर शेवंती तिथे कपडे धूत होती.

“सायब, फांदी पडायची नाय हां,” ती मान वर न करता म्हणाली.

“म्हणजे? देवाने कौल दिलाय.”

“देवानं?” तिने कपडा दगडावर असा आपटला की मी मागे सरलो.

“मग तुझा कौल?” मीही काही कमी नव्हतो. “तोही त्याच बत्तीचा!”

“व्हय. मी पाप केलंय, मला ठावं हाय. माफी मागीन मी देवाची, जलमभर मागीन. पन माज्या खोट्यानं कुनाचं काय तुटत नाय. तुमच्या खोट्यानं फांदी तुटंल. माज्या आज्याच्या आज्यानं बगितलेली फांदी हाय ती.” आता तिने वर बघितलं. डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता. “तुमी बाबांना नको म्हनून सांगा. नायतर मी सांगते समदं. माजं बी सांगते. मग मी बी जात नाय आनि तुमची फांदी बी जात नाय.”

वीस वर्षांची पोर. मी छत्तीस वर्षांचा, पदवीधर, विम्याच्या कलमांची पारायणं केलेला माणूस. मी साबण परत डबीत ठेवला. तिने खरंच सांगितलं असतं, त्या डोळ्यांत तसं स्पष्ट लिहिलं होतं. आणि माझ्या एका फोटोपायी ती सोमवारी मिरजेला पोचली नसती. लाज वाटली हो मला. जरा उशिरा वाटली, पण वाटली.

रावजी अंगणात कोयत्याला धार लावत बसला होता. अगदी निवांत. तासभर तो एकाच जागी घासत होता. भिवादादा ओट्यावर सुपारी कातरत होते.

“रावजी,” मी म्हटलं, “फांदी राहू दे.”

“का वो सायब? देव व्हय म्हनलाय.”

आता काय सांगायचं? मी घसा साफ केला. “देव होय म्हणाला, तेवढं पुरे. त्याने दिलं म्हणून आपण घेतलंच पाहिजे असं नाही. मला... मला फक्त त्याचं मन बघायचं होतं.”

इतकं भंपक वाक्य मी आयुष्यात पुन्हा उच्चारलेलं नाही. पण भिवादादांच्या हातातला अडकित्ता थांबला. ते उठले, माझ्याजवळ आले आणि मी नको नको म्हणेपर्यंत माझ्या पायांना हात लावला. “सायब, असा मानूस बगितला नाय मी,” ते म्हणाले आणि आत जाऊन नारळ घेऊन आले. जन्मात माझा झालेला एकमेव सत्कार तो. रावजी मान खाली घालून कोयता पुसत राहिला. त्याचे खांदे पुन्हा हलत होते.

सोमवारी पहाटेच्या एसटीने शेवंती आणि मी एकाच गाडीने निघालो. ती खिडकीशी पत्र्याची पेटी मांडीवर घेऊन, मी मागे ट्रायपॉड मांडीवर घेऊन. रावजी गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज धरून उभा होता. ती मला संबंध प्रवासात दोनच वाक्यं बोलली. “सायब, चहा घेनार?” आणि मिरजेला उतरताना, “येते.”

पहिलं पान अर्थातच दुसऱ्या कुणाला मिळालं. कचेरीत दोन वर्षं माझं नाव ‘उजेड’ होतं. “उजेड, फाईल द्या.” “उजेड, साहेबांनी बोलावलंय.” बारा दिवसांच्या रिळांतून दाखवण्यासारखा एकच फोटो निघाला, तो कौलाचा. पुण्याच्या गृहस्थांनी तो हातात धरून म्हटलं, “बरा आहे. एका बाजूने उजेड फार आलाय.” मी म्हटलं, हो ना. एक प्रत रावजीला पोस्टाने पाठवली आणि उरलेली ट्रंकेत टाकली. त्या फोटोकडे बघितलं की मला स्वतःचा चेहरा दिसायचा, म्हणून मी फारसा बघायचोच नाही.

गेल्या वर्षी मिरजेला माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. जन्मभर उजेड उजेड करणाऱ्याला शेवटी मोतीबिंदूच व्हायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढायला एक सिस्टर आल्या. पन्नाशीच्या, करड्या केसांच्या, मागे दोन नवशिक्या मुली घेऊन.

“गोगटे ना? सांगलीचे?” त्यांनी केसपेपर बघितला. मग पट्टी काढली, थेंब घातले, आणि मुलींना पुढच्या खाटेकडे पाठवून दिलं. “काय सायब, आला का तुमचा उजेड?”

मी उठूनच बसलो. “शेवंती!”

“हळू! डोकं हलवायचं नाही.” बोलणं शहरी झालं होतं, दरारा तोच होता. खुर्ची ओढून ती बसली. भिवादादा कधीच गेले. रावजीही मागच्या पावसाळ्यात गेला, नव्वदीत, झोपेत. बेहड्याची फांदी आहे. तिने ते सगळं सांगितलं आणि खुर्ची आणखी जवळ ओढली.

“मी दर वर्षी गावी गेले की देवासमोर नाक घासायचे,” ती म्हणाली. “तुला फसवून गेले, पण एकही पेशंट टाकला नाही, एवढं बघ म्हणायचे. सत्तावीस वर्षं. बाबा शेजारी उभे असायचे, काही बोलायचे नाहीत.”

“मी पण कुणाला सांगितलं नाही,” मी म्हटलं.

“बाबा गेल्यावर घर आवरलं. तुम्ही पाठवलेला फोटो देव्हाऱ्याच्या वर होता, इतका उंच की कधी नीट बघितलाच नव्हता. खाली काढला तर हे.” तिने मोबाइल काढला, फोटोचा फोटो उघडला आणि दोन बोटांनी मोठा केला. “बघा. नव्या डोळ्याने बघा.”

तोच माझा फोटो. पाषाण, दोन पाकळ्या. भिवादादांचे डोळे पाषाणाला चिकटलेले. कडेला शेवंतीचा बत्ती धरलेला हात. आणि मध्ये हात जोडून रावजी. सगळ्या जगाने पाकळीकडे बघायचं त्या क्षणी रावजी पाकळीकडे बघत नव्हता. तो डोळ्याच्या कोपऱ्यातून बत्तीकडे बघत होता. किती अंतरावर आहे ते मापत होता. आणि मिशीखाली हसत होता.

बत्ती नीट धर गो. पुडं घे जरा.

मला त्याचे ते हलणारे खांदे आठवले. कळशी धुताना, आणि पुन्हा कोयता पुसताना. तासभर एकाच जागी धार लावत बसलेला माणूस. त्याला फांदी तोडायचीच नव्हती. लेक मला अडवणार, याची त्याला माझ्यापेक्षा जास्त खात्री होती.

“बाबांचे भाऊ ऐकणार नव्हते,” शेवंती म्हणाली. “देवाचंच ऐकलं असतं त्यांनी. आणि देव तर बोलेना. मला वाटत होतं मी बाबांना फसवून घराबाहेर पडले. आणि बाबा...” तिने मोबाइल बंद केला. “एकदा तरी सांगायचं ना हो त्यांनी?”

नवा डोळा, जुना डोळा, दोन्ही भरून आले.

“अं हं! रडायचं नाही,” तिने दरडावलं. “आठ दिवस डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही म्हणून सांगितलंय ना?”

आणि नाक ओढत, रुमालाने स्वतःचे डोळे पुसत, ती पुढच्या खाटेकडे गेली.